आधी फाटक मोजा

दुकानात येणारा प्रत्येक जण आधी हॉर्सपॉवर विचारतो.
मी विचारतो, फाटक केवढं?
मग माणूस हवेत दोन हात धरतो.
आणि या सरोवराकाठच्या गावात
हातांनी दाखवलेल्या मापावर
मासेमारीच्या दिवसांपासून कुणाचा विश्वास नाही.

डेलोरिस ट्वेटन टेप घेऊनच आली.
शिवणकामाची, पिवळी,
चौतीस इंचांवर टाचणी टोचलेली.
बुडखा अ‍ॅशचा, अठ्ठावीस इंच रुंद.
झाड हिरव्या किड्याने खाल्लं,
फांद्या-खोड कंपनीवाले घेऊन गेले,
हत्ती गेला आणि शेपूट राहिलं.

मी तिला यंत्रं दाखवली.
हे लहान. फाटकातून सहज जाईल,
पण एवढ्या बुडख्यावर दिवसभर उड्या मारेल,
आणि रात्री तुमचे खांदे
दुसऱ्या कुणाचे तरी वाटतील.
ते पट्ट्यांवर चालणारं मोठं,
तासाभरात सगळं फस्त,
पण हिरवळीवरून रणगाडा गेल्यासारखं दिसेल.
हे मधलं. पंचवीस हॉर्सपॉवर, आपलं आपण चालतं.
रुंदी छत्तीस.

छत्तीस.
ती टाचणीकडे बघत राहिली.
शेजारच्या कुंपणाचा एक भाग काढला तर, मी म्हटलं.
ते कुंपण लेव्हर्नचं आहे, ती म्हणाली,
आणि पर्स बंद केली, मग उघडली.
अकरा वर्षं त्याच्या पन्हळीत
तिच्या अ‍ॅशची पानं पडत होती.
अकरा वर्षं तो म्हणत होता, तोडा.
पहिल्या वर्षानंतर तेही वकिलामार्फत.

शनिवारी मी ट्रेलर घेऊन गेलो
तर कुंपणात सहा फुटांची वाट.
काढलेल्या फळ्या गॅरेजला टेकलेल्या,
खिळे सरळ करून कॉफीच्या डब्यात,
आणि लेव्हर्न हातोडीकडे बघत उभा,
जणू हे तिनेच केलं.

मी शिकवतो तसं तिला शिकवलं.
गॅसची पिवळी झेंडी, विजेची लाल,
त्यांच्या पलीकडे जायचं नाही.
बुडख्याभोवतीचे खडे आधी वेचा,
चाकाला लागलेला खडा गोळीसारखा सुटतो.
दात मोजा, हात फिरवून बघा, इंजिन बंद असताना.
एक बोथट निघाला. फिरवून नवी धार पुढे आणली.
मग कडेपासून सुरुवात, मधून कधीच नाही:
चाक एक इंच खाली, डावीकडून उजवीकडे,
परत, पुन्हा एक इंच.
ढकलू नका. त्याला खाऊ द्या.
कानांवर टोप्या आहेत, तेव्हा तळहातांनी ऐका;
इंजिन घोगरं झालं की जरा सैल सोडा.

पहिली दहा मिनिटं ती यंत्राशी भांडली.
मग थांबली, चष्मा पुसला,
आणि त्यानंतर तो भुसा असा उडू लागला,
ओलसर, फिकट, दुधी,
की मी सिगरेट पेटवायची विसरलो.
खिडकीपुढे प्लायवूड धरायला कुणीतरी हवं होतं.
लेव्हर्नने धरलं. मी सांगितलं नव्हतं.

किती खोल? मी इशाऱ्याने विचारलं.
नुसतं गवत हवं तर सहा इंच पुरे.
तिने आधी एक हात, मग दोन बोटं दाखवली. बारा.

यंत्र बंद केल्यावरची शांतता
जरा जास्तच मोठी असते.
त्यात लेव्हर्न म्हणाला,
बारा इंच म्हणजे काहीतरी लावायचं दिसतंय.
याच जागी नाही, ती म्हणाली, थोडं बाजूला.
काय?
पानं गळणारं काहीतरी.

तो बराच वेळ भुशाकडे बघत राहिला.
मग ढकलगाडी घेऊन आला,
त्याच्या वाफ्यांमधल्या वाटेसाठी दोन खेपा नेल्या,
न विचारता.

मी अर्ध्या दिवसाचं भाडं लिहिलं,
दात पुन्हा मोजले. सगळे होते.
ट्रेलर वळवताना आरशात दिसलं,
तो फळ्या परत बसवत होता,
पण खिळ्यांचा डबा तसाच गॅरेजपाशी.
दुकानदाराच्या नजरेला अशा गोष्टी दिसतात:
या खेपेला स्क्रू.